मोजपट्टी

पाच केंद्रांतली पाच स्कॅनची यंत्रं, आणि प्रत्येकाचं आपलंच खरं. मेंदूची हजारो चित्रं एकत्र करून सगळ्या संशोधकांना खुली करायची, तर आधी या यंत्रांचा मेळ बसवायला हवा. त्यासाठी एकच निरोगी डोकं पाचही ठिकाणी तपासायचं ठरलं. स्कॅन काढणाऱ्या तंत्रज्ञाने हौसेने स्वतःचंच डोकं पुढे केलं. तेव्हापासून सहकारी त्याला मोजपट्टी म्हणू लागले आणि गडी ते मिरवूही लागला.

आकडे हातात आले आणि मिरवणं उतरलं. चार जुन्या यंत्रांनी त्याच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग ठणठणीत दाखवला. पाचव्या, नव्याकोऱ्या यंत्राने तोच भाग आक्रसलेला दाखवला. त्याच्या आईचा आजार असाच सुरू झाला होता. आता ती पोटच्या पोराला अहोजाहो करायची.

दोन दिवस कसेबसे काढून तो बायकोला घेऊन संख्याशास्त्राच्या मॅडमकडे गेला. काळजीचं कारण नाही, त्यांनी समजावलं. नवं यंत्र कमी मोजतं, तेवढी भर घालून आकडे दुरुस्त केले आणि चित्रांचा सगळा संच सकाळीच संशोधकांना पाठवला. यंत्र चुकतंय कशावरून, त्याने विचारलं. तुमच्यावरून, तुम्ही निरोगी आहात ना. आणि मी निरोगी कशावरून? जुन्या यंत्रांवरून. पण जुन्यांना बारीक दिसत नाही म्हणूनच तर नवं घेतलं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅडमनी स्वच्छ असलेला चष्मा पुन्हा पुसला.

"मॅडम, सरळ सांगा. मला आईचा आजार आहे का?"

"आपण तुम्हाला मोजलंच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला धरून यंत्रं मोजली. शंका असेल तर रीतसर तपासून घ्या."

"कुठल्या यंत्रावर?"



बाहेर बाकावर बायको वाट बघत होती. आकडे आल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. त्याला बघताच ती उठली.

"काय म्हणाल्या?"

"मला निरोगी धरलंय."

तिचा जीव भांड्यात पडला. मटकन खाली बसून ती रडायलाच लागली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्याला कळेना, आपण तिला खरं सांगितलं की खोटं.