आमटीतलं शेवाळ

"शेवाळ म्हणजे टाकी घासताना निघतं तेच ना?" आईने विचारलं होतं.

हे समुद्रातलं असतं, लोक खातात, असं मी तिला समजावलं. मी औषधशास्त्रात पीएच.डी. करते. आईला पंधरा वर्षं जी गोळी चालू आहे, तेच औषध मी प्रयोगशाळेत उंदरांना देते. त्या गोळीने आईला ऐकू येणारे, आसपास नसलेल्या माणसांचे आवाज थांबले, पण वजन पंचवीस किलोंनी वाढलं आणि मधुमेह मागे लागला. शेवाळ खाल्लेल्या उंदरांची साखर मात्र वाढली नाही. मग मला घरी गप्प बसवेना. डॉक्टर म्हणाले, "खाऊ द्या थोडं. गोळी मात्र बंद करायची नाही."

बिबवेवाडीतल्या आमच्या स्वयंपाकघरात रोज आमटीत चमचाभर हिरवी पूड पडू लागली. दर रविवारी सकाळी मी आईचं बोट टोचायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे. पहिला महिना आकडा एकशे नव्वदच्या खाली येईना. "सगळं फुकट जाणार बहुतेक," असं मी एकदा ताटावरून उठताना बोलून गेले.

मग आकडा उतरायला लागला. तीन महिन्यांत एकशे बत्तीस, वजन सहा किलो कमी. मी हुरळले. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, पीएच.डी.च्या सरांना सांगितलं. शेजारच्या सुनीतीकाकूंनी चार पाकिटं मागवून घेतली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या कचऱ्यात दिसत होत्या, त्यामुळे शंका आली नाही, असं मी अजूनही स्वतःला सांगते. उंदराच्या घशाखाली औषध उतरल्याशिवाय मी त्याला सोडत नाही. आईच्या बाबतीत रिकामी पट्टी मला पुरली.

गेल्या रविवारी आई जेवता जेवता थांबली.

"खालच्यांना रेडिओ बंद करायला सांग. माझं नाव घेतायत."

खालचा फ्लॅट वर्षभर रिकामा आहे.

मी उठून तिचं कपाट उघडलं. आई निवृत्त शिक्षिका. ती काही फेकत नाही आणि चिठ्ठी लावल्याशिवाय काही ठेवत नाही. साड्यांमागे बिस्किटांचा डबा होता. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, "न घेतलेल्या गोळ्या. ४ नोव्हेंबरपासून."

डबा घेऊन मी कॅलेंडरपुढे गेले. साखर त्याच आठवड्यापासून उतरली होती. शेवाळाचा काही संबंध नव्हता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सुचलं असतं.

"का केलंस हे?"

"तू नीट जेवत नव्हतीस," आई म्हणाली. "म्हटलं, उंदरांना गुण येतो आणि आईलाच येत नाही, हे काय बरं दिसतं?"

मला तिचा भयंकर राग आला. मग स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितली तेवढी गोळी तिच्या हातावर ठेवली.

"घेते. पण आता आकडा वाढेल," ती म्हणाली. "सुनीतीला काय सांगशील?"

तिने पाण्याबरोबर गोळी गिळली. मग मी काही म्हणायच्या आत तोंड उघडलं आणि जीभ वर उचलून दाखवली. पंधरा वर्षांपूर्वी इस्पितळात तिला ही सवय लावली होती. घरी आल्यावर तिला हे कधी करावं लागलं नव्हतं.

मी वाकून नीट बघितलं.