कंबर, चार इंच

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. तीस वर्षं बायकांचे कपडे शिवतात. काज-बटणं आणि हातशिलाई माझी. एवढ्या वर्षांत माप चुकलं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मग एका मुलीने, फोनवर लोक दुकानांना तारे देतात तिथे, आम्हाला एकच तारा दिला. 'लग्नाचा ड्रेस कमरेत बसतच नाही. माप घेता येत नाही, वर उद्धट.' पंधरा दिवसांत नवं काम यायचं थांबलं.

उद्धट हे खरं होतं. माप मात्र चुकलं नव्हतं.

ह्यांची एक खोड आहे. प्रत्येक माप तारखेसकट वहीत लिहायचं, आणि कपडा नेताना पुन्हा टेप लावून तेही लिहायचं. ती वही काढून बसले.

"जाऊ द्या हो, चार दिवसांनी विसरतील लोक," मी म्हटलं.

"माझ्या नावावर शिंतोडे उडवायचे आणि मी हात बांधून बसू?"

एका बोटाने तासभर टाइप केलं. 'शिवायला दिला तेव्हा कंबर अठ्ठावीस. चाळीस दिवसांनी बत्तीस. वहीचा फोटो सोबत. चार इंच वाढली, यात शिंप्याचा काय दोष?' वाचून मी हसले. तेही सांगितलंच पाहिजे.

लोकांना तेवढंच हवं होतं. लग्नाच्या आधीच चार इंच? 'मास्तर, आता बाळाचंही माप घेऊन ठेवा,' असं कुणीतरी लिहिलं, आणि त्यावर शेकडो जण खिदळले. दुकानात पुन्हा गर्दी झाली. आम्ही खूश होतो.

आठव्या दिवशी तिची आई आली. आवाज चढवला नाही.

"लग्न मोडलं, मास्तर. मुलाकडच्यांनी तुमच्या वहीचा फोटो पुढे केला."

"मी खरं तेच लिहिलं."

"खरंच आहे. मूत्रपिंडाच्या आजाराने सुजली होती पोरगी. डॉक्टरांचे कागद दाखवले आम्ही. ते म्हणाले, कागद काय, कुणीही करून आणतं. शिंपी कशाला खोटं बोलेल?"

ह्यांनी घाईघाईने फोन काढला, पुसून टाकतो म्हणाले. आईने नकारार्थी मान हलवली. फोटो आता सगळ्यांकडे होता.

ह्यांच्या शब्दाला एवढी किंमत आजवर कुणी दिली नव्हती.