चोविसाव्या लेव्हलची ताई

"ताई, अर्धे पॉइंट तलवारीत आणि अर्धे औषधात घातलेस ना? वाटलंच मला," धाकटी हेडफोनमधून म्हणाली.

घातले होते. कापड मधोमध दुमडून कात्री चालवण्यात हयात गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? या खेळातला माझा योद्धा निम्मा लढवय्या, निम्मा वैद्य, म्हणून मी माप सारखं धरलं. चोविसावी लेव्हल आली तरी गडी ना धड लढतोय, ना धड बरं करतोय.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. शटर अर्धं ओढून मी स्क्रीनसमोर बसते आणि दुकान हळूहळू विरघळत जातं. निळसर धुकं, गुडघाभर पाणी, पाण्याखाली दिवे लागलेलं बुडालेलं गाव. त्यावरून आम्ही दोघी चालतो. आवाज न करता.

तीन वर्षांपूर्वी साठ गणवेशांची ऑर्डर माझ्या गळ्यात टाकून ही बया नाटकाचे कपडे शिवायला निघून गेली. ना पत्ता, ना नंबर. दुकानात असताना ती हा खेळ खेळायची, म्हणून मी इथं येऊन तिला हुडकली. बोलणं मात्र फक्त लेव्हलचं. आणि आज ती सहज म्हणाली, उद्यापासून दुपारच्या तालमी आहेत, खेळ बंद. म्हणजे ती पुन्हा हरवणार.

तिच्या सूचना चालूच होत्या. "आधी सगळे पॉइंट तलवारीत घालायचे. चिलखत हलकं. आणि मागे सरायचं नाही. या योद्ध्याचं औषध वार केल्यावरच लागू पडतं. तू मारशील तशी मी बरी होईन."

तेवढ्यात धुक्यातून एक अजस्र जनावर आलं आणि तिच्यावर तुटून पडलं. मी सवयीनं मागे सरले, औषधाचं बटण दाबत राहिले. काही होईना.

"मार ना, ताई! कायम मेली मूग गिळून बसतेस!"

माझं डोकं सणकलं. मी तलवार चालवली. एक, दोन, दहा. आणि तोंडही सुटलं.

"न सांगता गेलीस! मग कुणाच्या तरी हाती निरोप पाठवलास, तर मी त्याच्याच हाती 'सुखी राहा' म्हणून कळवलं. खोटं होतं ते! साठ गणवेश शिवताना रडत होते मी. राग आला होता तुझा. अजून आहे!"

जनावर पाण्यात आडवं झालं. धाकटी धडधाकट उभी होती. दिवे तसेच थरथरत होते.

"हे तेव्हा कळवलं असतंस," ती म्हणाली, "तर मी परत आले असते असं नाही. पण पत्ता दिला असता."

मी हेडफोन कानाशी घट्ट दाबला.

"लिहून घे," ती म्हणाली.

हाताशी कागद नव्हता. समोर गिऱ्हाइकाच्या कोटाचं कोरं कापड पसरलेलं होतं. मी खडू उचलला आणि त्याच्यावरच लिहायला लागले.