काचेवरचा पडदा

मनाच्या बाईंनी बाहेर एकटीच घुटमळणारी मुलगी दंडाला धरून आत घेतली, दाराला कडी घातली आणि काचेवरचा हिरवा पडदा सोडला. शाळेत कुणी हत्यार घेऊन घुसलं तर काय करायचं, त्याचा सराव सुरू झाला होता. दिवे बंद, तोंड बंद, पुन्हा घंटा होईपर्यंत जमिनीवर बसून राहायचं.

नव्या कायद्यानं शाळेला दोन गोष्टी दिल्या होत्या, हा सराव आणि मुलांचं मन ऐकून घ्यायला एक बाई. ‘मनाच्या बाई’ हे नाव पोरांनीच ठेवलं. खोली मिळाली ती जुने नकाशे ठेवायची, आणि आत कोण बसलंय ते दिसावं म्हणून कायद्यानंच दाराला काच; पडदा सोडायचा तो फक्त सरावापुरता. आता सगळ्या शाळेदेखत रडायला कोण येणार, कपाळ! बाई वर्षभर माश्या मारत बसल्या होत्या. असंच चाललं तर ही जागा पुढे राहायची नाही, असं मुख्याध्यापकांनी कालच गोड बोलून सांगितलं होतं.

पडद्यातून हिरवा उजेड झिरपत होता. भिंतीवरच्या नकाशातले समुद्र हळूहळू हलताहेत असं वाटत होतं. शाळा वर कुठेतरी राहिली आणि आपण दोघीच पाण्याच्या तळाशी येऊन टेकलो, असं बाईंना क्षणभर वाटलं. बरंही वाटलं. मुलीनं बूट काढून पाय पोटाशी घेतले होते.

"बाई," ती कुजबुजली, "बोललं तर चालतं?"

नियमानं चालत नव्हतं. बाईंनी मान हलवून हो म्हटलं.

"ताई वारली, तरी आई रोज तिचं ताट वाढते. वाढून आत जाते. मग मीच ते खाऊन टाकते. आई येऊन बघते नि म्हणते, जेवली गं माझी पोर."

"आणि तू काय म्हणतेस?"

"हो म्हणते. पण बाई, दोघींचं जेवण नाही जात मला."

बाईंनी शिकलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली. त्या नुसत्या तिच्याजवळ सरकल्या.

घंटा झाली. दारं उघडली, पोरांचा गलका जिन्याकडे निघाला. मुलीनं घाईघाईनं बूट ओढले.

"संपलं ना, बाई?"

बाई उठून दारापाशी गेल्या. घंटेनंतर पडदा वर करायचा, हाही नियमच. त्यांनी पडद्याची दुमडलेली कड खाली ओढून सारखी केली आणि परत येऊन जमिनीवर बसल्या.

"या खोलीत अजून नाही."

मुलीनं बूट बाजूला ठेवले.

"काल मी ते ताट तसंच राहू दिलं," ती म्हणाली. आता ती कुजबुजत नव्हती.