मावशींचा झाडू का पडायचा

या, जरा सरकून जवळ बसा. पाठ टेकायला भिंत आहे, डोक्यावर देवाचं छत्र आहे, आणि माझ्याकडे एका झाडूची गोष्ट आहे.

एका गोदामात मावशी झाडलोट करायच्या. लांब दांड्याचा त्यांचा झाडू पोत्यांची चौथी थप्पी आणि भिंत यांच्या फटीत उभा असायचा. फट अशी नेमकी, की झाडू खोचला की हलायचा नाही. पण एका सोमवारी तो खाली पडलेला दिसला. मंगळवारी पुन्हा. बुधवारी मावशींनी तो दाबून खोचला, पाठ वळवली, आणि मागे धप्प!

लोकांना तेवढंच निमित्त. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला सगळे कप्तान म्हणत. तो म्हणाला की मावशींच्या हाताखाली राबून झाडू वाळला असेल, त्याला खाऊपिऊ घाला. मावशीही हसल्या, पण मनातला किडा काही गप्प बसेना. झाडू तोच, भिंत तीच. मग फट कशी वाढली?

थप्पीच्या दुसऱ्या अंगाला वाट होती. तिथे पायथ्याशी स्टूल टाकून त्यांची सून पोत्यांसाठी लेबलं लिहीत बसायची. गारवा असतो म्हणून तिनेच ती जागा निवडलेली.

मावशींचे यजमान गवंडी होते. ते गेले, त्यांचा ओळंबा घरात राहिला. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन मावशींनी गुरुवारी पदरात बांधून आणलं, झाडूच्या दांड्याला अडकवलं आणि वाटेच्या बाजूने दांडा वरच्या पोत्याला टेकवला. वर दोरी पोत्याला चिकटलेली, खाली वजन मात्र पोत्यांपासून चार बोटं लांब. म्हणजे थप्पी वाटेकडे झुकलेली. डोळ्याला थप्पी सरळच दिसत होती हो! कप्तान तर म्हणाला की त्याने रचलेली थप्पी पट्टीने आखल्यासारखी असते, दोरीच खोटी. मावशी वाद घालत बसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पुन्हा मोजलं. पाच बोटं.

आता कप्तानही हसेना. मावशींनी सुनेला तिथून उठायला सांगितलं, तर ती म्हणाली, लेबलांची एवढी शेवटची गड्डी लिहून होऊ दे.

"तुझा रुसवा मी सोसेन," मावशी म्हणाल्या, "ही थप्पी तू नाही सोसणार. ऊठ."

ती उठली. मुकादमाने वाटेच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून माणसं लांब केली. कप्तानाने फोर्कलिफ्टच्या लोखंडी छपराखाली बसून वरची दोन लाकडी पॅलेटं त्यांच्यावरच्या पोत्यांसकट अलगद उतरवली. तिसऱ्याला फोर्कलिफ्टचे काटे लावणार, तोच तळात कडकन वाजलं आणि उरलेली पोती वाटेत घसरली. स्टूल सापडलं ते चपटं होऊन.

सुनेने मावशींचा हात धरला. मावशींनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

तळाच्या पॅलेटची वाटेकडची फळी मोडलेली होती. ती कशी मोडली, हे कुणालाच कळलं नसतं. मुकादम म्हणालाही, जुनं लाकूड, चालायचंच. तेव्हा कप्तान खाली उतरला.

"जुनं नव्हतं. गेल्या शनिवारी माझा काटा तिरका लागला. कट् असा आवाज मी ऐकला होता. घाई होती, उतरून बघितलं नाही."

मग सगळ्या थप्प्यांचे तळ तपासले गेले. आणखी दोन फळ्या तशाच निघाल्या.

बाबांनो, सारं गोदाम मावशींची आठवण काढतं, ओळंब्याला तर हात जोडतात. तुम्ही माझं एवढं ऐका: त्या कप्तानालाही आठवत जा. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला.