स्वर्गातून मतदानाला

मतदानाच्या दिवशी आमच्या गावच्या शाळेसमोर ही गर्दी लोटली! चार वर्षांमागं वारलेल्या सत्यशीलाबाई मत टाकून बाहेर आल्या होत्या. बोटाला शाई, डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. बाया त्यांच्या पायावर हळदीकुंकू वाहायल्या होत्या. थापा मारण्यात तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही. पण एवढी मोठी मलाही कधी सुचली नव्हती.

ती भुजंगबाबाला सुचली. वर्षभर तो घरोघर सांगत फिरला होता, "आत्म्याला मतदानाच्या दिशी खाली यायचं तर वळख लागती, बाबांनो! वर बी कागद तपासतेत. मेलेल्याचं मतदान कार्ड माझ्याकडं द्या, आन् यादीतलं नाव काढू नका. नाव हाय तवर वाट हाय. फकत तोंड बघू नका. बघणारा वर्षात जातो."

लोकांनी कार्डं दिली. सत्यशीलाबाईंचे मालक व्यंकटराव सगळ्यांत आधी. आता ते तिच्यापुढं हात जोडून रडत होते. "घरी चल. एकदाच घरी चल."

त्यांची लेक निकिता गंगाखेडला शिक्षिका. ती गर्दी सारत पुढं आली.

"आई, मालकाचं नाव काय गं तुझ्या?"

"व्यंकटराव गणपतराव!" पदराआडून खाडकन उत्तर आलं.

"बघा! पटली वळख!" बाबा ओरडला.

"पटली की," निकिता म्हणाली. "माझ्या आईनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. रेशनच्या दुकानात बी 'निकीचे बाप' म्हणायची. ह्या बाईनं कार्डावरचं पाठ केलंय."

आणि तिनं पदर ओढला. आतलं तोंड गावात कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

बाबाच्या जीपमध्ये बसलेले बाकीचे पितर, काही मत टाकून आलेले, काही जायचे, उसातून पळाले. बाबाही पळाला. केंद्रातले एजंट बाबा ज्याच्यासाठी राबत होता त्याच उमेदवाराचे, त्यांना सकाळपासून काही दिसलं नव्हतं. पडलेली मतं मशीनमध्येच राहिली आणि तो उमेदवार निवडून आला. वर मेलेल्या पोराचं कार्ड दिलेली बायनाबाई निकितावरच चिडली, "तुझी आई न्हाई आली, पण माझा गोपाळ आला आसता की!"

गेलेलं माणूस येत नसतं. त्याच्या नावानं येतं ते भाड्याचं. रडा, फोटोला हार घाला. पण यादीतलं नाव काढून टाका. नाहीतर तुमच्या दुःखावर दुसराच कुणी बटण दाबून जातो.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"कुणाचं नाव कमी करायचं, काका?"

उभा संसार त्यांनी "आगं, ऐकलं का" एवढ्यावरच केला होता.

"सत्यशीला," ते म्हणाले. "वारली ती."