गिळलेली हाक

नऊ सायकलींच्या त्या रांगेत नियम एकच होता. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने "खड्डा!" म्हणून ओरडायचं आणि प्रत्येकाने तीच हाक मागच्याला द्यायची. धाकटी सगळ्यांत शेवटी होती. तिच्या पुढे तिची थोरली जाऊ. आणि आज, सफरीच्या चौथ्या दिवशी, सकाळपासून धाकटीपर्यंत एकही हाक पोचली नव्हती.

पहिला खड्डा तिने कसाबसा चुकवला. दुसऱ्यात चाक असं आदळलं की पीत असलेलं पाणी नाकात गेलं. पुढचे सगळे मान वळवून ओरडताना दिसत होते, आवाज वाऱ्यात विरत होता. थोरली मात्र मूग गिळून पायडल मारत होती.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. निघताना घरी दोघींच्या नवऱ्यांनी मोठी गंमत केली होती, "बघू, दोघींतली कोण आधी गाडीत बसते!" गाडी म्हणजे सामान घेऊन मागून येणारी गाडी. तिच्यात एकदा बसलं की सफर संपली. घरातल्या बेकरीत थोरलीचा शब्द शेवटचा, आता रस्त्यावरही तिलाच जिंकायचं असणार. मागच्या महिन्यात तिनेच फोनवर ऑर्डर घेतली आणि धाकटीला साठ माणसांचा केक करायला सांगितला. गिऱ्हाइकाला हवा होता आठ माणसांचा. वर सगळ्यांसमोर म्हणाली, "मी आठच सांगितलं होतं, हिनेच साठ ऐकलं." उरलेला केक घरच्यांनी चार दिवस खाल्ला, आणि धाकटीला तो प्रत्येक घासाला कडू लागला.

ऊन असं की हँडलला हात लावला तरी चटका बसावा. डांबर मऊ पडून चाकांना चिकटत होतं. दुपारी जेवण उरकून एका पत्र्याच्या शेडखाली सगळे पाठीवर पडले, तेव्हा थोरली तिच्याजवळ आली.

"अगं, आता तू पुढे हो. मी शेवटी राहते."

"का हो, ताई?"

"असंच. जरा बदल."

असंच म्हणे! ही बाई असंच म्हणून चहात साखरसुद्धा घालत नाही. हिला आपल्या पाठीमागे वारा चुकवत आरामात यायचंय, धाकटीने ताडलं. बरं, ये म्हणावं.

तासाभराने उतार लागला. पुढून खणखणीत हाक आली, "खड्डा!" धाकटीने ती स्वच्छ ऐकली. तोंड उघडलं, आणि मिटलं. एकदा हिलाही कळू दे. तिने ऐन वेळी चाक वळवलं.

मागे लोखंड खरडल्याचा आवाज झाला.

थोरली रस्त्याच्या कडेला बसली होती. गुडघा सोलवटलेला, पुढचं चाक वाकडं झालेलं. धाकटी धावत गेली. तिने घाईघाईने ओतलेलं बाटलीतलं पाणी जखमेवर कमी आणि मातीवर जास्त पडलं.

"घाबरू नकोस," थोरली म्हणाली. "तू ओरडलीच असशील. माझाच कान गेलाय गं. डावा तर वर्षापासून बंद आहे, आता उजवाही चाललाय. सकाळी तुला हाका मिळाल्या नाहीत ना? जेवताना लक्षात आलं माझ्या. म्हणून तर मागे आले. शेवटचा माणूस बहिरा असला तरी कुणाचं काही बिघडत नाही."

धाकटीने बाटली खाली ठेवली.

"तो केकसुद्धा मीच चुकले असणार," थोरली हलकेच म्हणाली. "कबूल करायला जीभ रेटली नाही. काउंटरवरून उठवतील म्हणून भीती वाटायची."

तेवढ्यात रांगेचा म्होरक्या सायकल टाकून आला. बाकीचेही थांबले होते. त्याने धाकटीकडे बोट दाखवून दरडावून विचारलं, "हाक दिली होती का हिने?"

थोरलीने त्याच्या बोटाकडे आणि ओठांकडे पाहिलं आणि ताबडतोब म्हणाली, "दिली की! चांगली दोनदा दिली. मीच वेंधळी."

केकच्या वेळी हिने आपल्यावर ढकललं होतं, आज न विचारताच पाठीशी उभी राहिली. आणि आपण? तिला स्वतःची किळस आली.

"ताई, मी हाक दिलीच नाही," ती खाली मान घालून पुटपुटली.

"काय म्हणालीस?" थोरलीने उजवा कान पुढे केला. "मोठ्याने बोल गं. आता तर तुला माहीत आहे."

सगळे बघत होते. गाडीवाल्याने मागचं दार उघडून ठेवलं होतं. धाकटीने छाती भरून श्वास घेतला आणि रांगेतल्या पहिल्या माणसालाही ऐकू जाईल अशी ओरडली,

"मला ऐकू आलं होतं, ताई! मी ओरडले नाही!"